उजेड आत, शेजारी बाहेर

घराला खिडक्या किती हव्यात यावर आपल्याकडे फारसं भांडण होत नाही. होतं ते त्या उघड्या ठेवायच्या की बंद, यावर. दोन इमारतींमध्ये नियमाप्रमाणे अंतर सोडलेलं असतं, तरी समोरच्या वहिनींनी आज कुठली भाजी चिरायला घेतलीय हे आपल्या जिन्यातून दिसतं. म्हणजे त्यांनाही आपण दिसतो, हे नंतर लक्षात येतं आणि पडदा लागतो. पडद्याने अंधार होतो, भरदुपारी दिवा लागतो आणि संध्याकाळी विजेच्या बिलावर परिसंवाद रंगतो. अशा घरांसाठी काचेच्या विटांची खिडकी आहे. दुकानात तिला ग्लास ब्रिक म्हणतात.

ही अडचण पुण्या-मुंबईनेच शोधून काढली असं मात्र नाही. पॅरिसमध्ये डॉ. दालसास या स्त्रीरोगतज्ज्ञांना जुनं घर पाडून घर आणि दवाखाना एकत्र बांधायचा होता. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू आजी हलेनात. शेवटी आजींचा मजला तसाच लोखंडी खांबांवर तोलून धरला आणि त्याच्या खाली नवं घर उभारलं. अंगणाकडची भिंत जवळजवळ सगळी काचेच्या विटांची केली, कारण दवाखान्यात उजेड हवा आणि पेशंट बाहेरून दिसायला नकोत. १९३२ साली पूर्ण झालेलं पिएर शारो यांनी रचना केलेलं हे ‘मेझों द व्हेर’ बघायला आजही जगभरचे आर्किटेक्ट जातात. रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा बसून काढलेल्या आपल्या लोकांना मात्र जास्त आदर त्या आजींबद्दल वाटेल.

दुकानात गेलात की पंचाईत सुरू होते. लाटा, ढग, रेघा, गारा, शिवाय निळ्या-हिरव्या रंगीत विटा. रंगीत विटा दुकानातल्या दिव्यांत फार देखण्या दिसतात; घरी बसवल्यावर बाथरूमचा बार होतो. अगदी पारदर्शक वीट घेण्यात अर्थ नाही, मग साधी काच काय वाईट होती? लाटांची वीट बरी. तिच्यातून माणूस व्हिडिओ कॉलवर नेट अडकल्यासारखा दिसतो: आहे हे कळतं, कोण ते कळत नाही. पण तो काचेला अगदी खेटून उभा राहिला की बरंच कळतं. म्हणून दुकानदाराला विटेमागे हात धरायला सांगावं, आधी लांब आणि मग जवळ. त्याला नवल वाटेल, वाटू द्यावं.

वीट साधारण १९ सेंटिमीटर चौरस आणि ८ सेंटिमीटर जाड असते, वजन अडीच किलोच्या आसपास. आतून पोकळ. दोन अर्धुकं तापलेली असतानाच जोडतात, त्यामुळे गार झाल्यावर आतली हवा विरळ होते. रस्त्यावरचा गोंगाट त्यामुळे बराच कमी होतो. पश्चिमेचं ऊन मात्र कमी होत नाही, तिथे ही खिडकी लावणाऱ्याने मेमध्ये कुरकुर करू नये.

खरी गंमत मिस्त्री आल्यावर. आयुष्यभर मातीच्या विटा रचलेला माणूस सवयीने विचारतो, “विटा भिजत घालू ना?” मातीची वीट पाणी पिते, म्हणून ती भिजवतात. काच काहीच पीत नाही. उलट मसाला सावकाश सुकतो आणि विटा सरकतात, म्हणून एका दिवसात थोडेच थर लावायचे, मध्ये प्लास्टिकचे स्पेसर आणि स्टीलच्या बारीक सळ्या घालायच्या. दुसरा प्रश्न, “शेवटची थोडी कापून बसवू?” ही वीट कापता येत नाही. म्हणून आधी विटा मोजायच्या आणि मग भिंतीला भोक पाडायचं. आडव्या पाच विटा आणि मधले चार सांधे मिळून ९९ सेंटिमीटर होतात. मिस्त्रींच्या टेपवर ते बरोबर सव्वातीन फूट, त्यामुळे ते खूश. पण बाजूंना आणि वर थोडी फट हवी, कारण उन्हाने भिंत आणि काच दोन्ही फुगतात. त्या फटीत लवचीक पट्टी आणि सिलिकॉन भरायचं. वरच्या भिंतीचा भार लिंटेलवरच हवा. नावात वीट असली तरी ती भार घेत नाही. सांडलेलं सिमेंट त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसून घ्यावं, ‘उद्या बघू’ म्हटलं की ब्लेडने खरवडत बसावं लागतं.

एवढं झालं की नातेवाईक बघायला येतात आणि कुणीतरी आत्या हमखास विचारते, “छान आहे गं, पण उघडते कुठून?”

उघडत नाही. सगळा हिशोब याच प्रश्नावर ठरतो. जिन्यात बसवा, बाथरूममध्ये बसवा, शेजारच्या भिंतीकडे तोंड असलेल्या बोळात तर जरूर बसवा. हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात नको. तिथे वारा हवा, आणि खाली भाजीवाला आला की डोकं बाहेर काढायची सोयही हवी. बाथरूममध्ये बसवणार असाल तर एक्झॉस्ट फॅनची जागा पहिली वीट लावण्याआधीच सोडून घ्या. एकदा बसलेली वीट काढायची तर फोडावीच लागते.