पार्टवनकाका

आमच्या गल्लीत काकांना खऱ्या नावानं फक्त तलाठी आणि बँकवाले ओळखतात. बाकी वाशीमकरांसाठी ते पार्टवनकाका. कशाचाही दुसरा भाग निघाला की काका डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "पयल्याची सर नाई बावा."

हे लागलं 1994 साली. 'ज्युरासिक पार्क' तेव्हा हिंदीत आला. काका मीटरगेजच्या गाडीनं अकोल्याला गेले, पिच्चर पाहिला, बाहेर येऊन पुन्हा रांगेत लागले आणि पुढचा शोही पाहिला. त्या दिवसापासून चहाच्या टपरीवर त्यांचा एक प्रयोग ठरलेला आहे. पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवायचा, टेबलाला खालून मूठ मारायची आणि पाण्यात गोल तरंग उठले की सगळ्यांकडं पाहायचं. "डायनासोर अजून आलाच नाई, पण आपली हालत पाह्य!" डॅशबोर्डखाली गिटारची तार बांधून ते तरंग उठवले होते, दोन तासांच्या पिच्चरात डायनासोर जेमतेम पंधरा मिनिटं आहेत, हे त्यांना पाठ. "दाखवाचं कमी, भेव जास्त. याले म्हंते पिच्चर." टपरीवाला आता ग्लास अर्धाच भरतो, सांडलेलं त्यालाच पुसावं लागतं.

पुढच्या प्रत्येक भागावर काकांचा निकाल तयार असतो. 1997 च्या भागात डायनासोर शहरात शिरला. काका म्हणाले, "तिथंच बिघडलं. शहरात जाऊन कोनाचं पोरगं सुधरलं?" 2001 च्या तिसऱ्यात नव्या जनावरानं टी-रेक्सची मान मोडली, त्या रात्री काका जेवले नाहीत. "आपल्या मानसाले मारलं." 2018 मध्ये डायनासोरांचा लिलाव दाखवला, तर म्हणे, "हे काय बाजार समिती हाय?" दर वेळी "आता पुढच्याले नाई जात" अशी शपथ होते. काकू ती शपथ तंबाखूच्या शपथेच्या रांगेत ठेवतात.

शेतातही तेच. सोयाबीनचं जेएस 335 हे वाणसुद्धा 1994 चंच. त्यानंतर किती वाण आले, काकांनी बहुतेक सगळे पेरले आणि प्रत्येकाच्या शेंगा मोजून म्हटलं, "तीनशे पस्तीसची सर नाई." त्यांना आवडलेला दुसरा भाग म्हणाल तर एकच, आपला वाशीम जिल्हा. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून निघालेला. त्याचं कौतुकही काका बेतानंच करतात, कारण मोठ्या पडद्यासाठी त्यांना अजून अकोलाच लागतो.

सगळ्यात मोठा घाव 2022 च्या 'डॉमिनियन'नं घातला. 10 जूनला पिच्चर लागला, म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर. ओल्या गोणपाटात शंभर दाणे उगवणीला ठेवलेले, ते काकूंच्या हवाली करून काका निघाले. पहिल्या भागातली तिन्ही जुनी माणसं परत येणार म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला होता. रात्री परतले ते तोंड पाडून. काकू म्हणाल्या, "शंभरातले अठ्ठ्याहत्तर उगवले." काकांचं लक्षच नव्हतं.

"काका, कसा होता?"

"अबे, डायनासोर पाह्यले गेलो अन् टोळधाड पाहून आलो!"

खरंच होतं ते. त्या भागाची निम्मी कथा उभी पिकं फस्त करणाऱ्या अवाढव्य टोळांची. "ते तं 2020 च्या मे महिन्यात अमरावती-नागपूरकडं फुकटात आली होती. तिकीट काढून कायले पाहाची?" मग जरा थांबून म्हणाले, "पन टोळ फक्त त्या कंपनीचं बियानं सोडून बाकीचं खाते, हे बाकी बराबर दाखवलं."

2025 च्या जुलैत 'रीबर्थ' आला. काका जाणार नव्हतेच. नातवाला एकट्याला कसं पाठवायचं, एवढ्यापुरते गेले. दुसऱ्या दिवशी टपरीवर सगळे कान टवकारून बसलेले. काकांनी बूड टेकवायच्या आत टपरीवाल्यानंच ग्लास पुढं सरकवत म्हटलं, "पयल्याची सर नाई, हो ना काका?"

काका भडकले. "तू पाह्यला का?"

"नाई."

"मंग? नदीतला तो रबरी नावेचा सीन पाह्य एकदा. टी-रेक्स पान्यात पवते लेका! उगा न पाहताच नावं ठेवू नोको. सहा पार्ट पैसे देऊन सोसले मी, तवा कुठं बोलतो."