बिनविक्री

देपालपूरच्या बाजारात तात्यांचे किराणा दुकान शोधायला पत्ता लागत नाही, कान पुरतात. दर दोन मिनिटांनी काउंटरवरचा डबा "पैंतीस रुपये प्राप्त हुए" म्हणून ओरडतो आणि शेवेचा पुडा बांधता बांधता तात्या त्याला "आले, आले" अशी पोच देतात. डब्याने सांगायचे, तात्यांनी कबूल करायचे. 2025च्या जुलैपर्यंत ऑनलाइन पैशांची नोंद इथे सुरू होऊन इथेच संपत असे.

तात्या माझे मामा. मी इंदुरात एका कर सल्लागाराच्या ऑफिसात हिशेब लिहितो, त्यामुळे हातोदमार्गे चाळीसेक किलोमीटर जाऊन त्यांचे रिटर्न फुकट भरून देणे हे भाचेपणाच्या व्याख्येतच बसते. मोबदल्यात मामी जिरावन घातलेले पोहे देतात. ते मी अजून कुठे दाखवलेले नाहीत.

तात्या कर बुडवणारे नाहीत, हे आधी सांगितले पाहिजे. सुट्टा रुपया नसला तर चॉकलेट हातावर ठेवणाऱ्यांतलेही ते नाहीत. तो रुपया ते तुमच्या नावावर लक्षात ठेवतात. होळकरांनी 1818 नंतर राजधानी इंदुरात नेली तेव्हापासून आमचे पूर्वज दफ्तरात मोडीत जमाखर्च लिहीत होते, असे ते सांगतात. याला पुरावा एवढाच, की तात्यांचे अक्षर आजही कोणाला लागत नाही. घराण्यात हिशेब आहे, फक्त तो डोक्यात आहे. आणि डोक्यातला हिशेब पोर्टलवर अपलोड होत नाही.

खरी अडचण खात्याची. तात्यांचे एकच बचत खाते, एकच क्यूआर. दुकानाचे वेगळे चालू खाते काढा, असे मी आठ वर्षे सांगत होतो. पण दुकानाचे खाते वेगळे, घरचे वेगळे, हे ऐकले की तात्यांना भावाभावांच्या वाटण्या आठवतात. "एका घरात दोन चुली मांडू का?" हा त्यांचा प्रश्न. असे तात्या गावोगाव आहेत. कुठे त्यांचे मेडिकल आहे, कुठे सायकलचे दुकान. त्यांचे खाते म्हणजे जुन्या वाड्याचा चौक. घरचा, भाडेकरू, शेजारची म्हैस, सगळे त्यातूनच जातात. सरकार वेशीवर उभे राहून आत गेलेली डोकी मोजते आणि म्हणते, एवढी गिऱ्हाइके?

जुलैत बातमी आली, की कर्नाटकात वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला 29 लाखांची आली. बेंगळुरूत दुकानदारांनी "नो यूपीआय, ओन्ली कॅश" अशा पाट्या लावल्या. ती बातमी व्हॉट्सॲपवरून देपालपूरला पोहोचेपर्यंत नोटीस तात्यांच्याच नावाची झाली होती. त्यांनी क्यूआरच्या पाटीवर कालनिर्णय टांगले आणि डब्याची वायर काढली. दुपारपर्यंत दुकानात इतकी शांतता, की पलीकडच्या न्हाव्याने चौकशीला माणूस पाठवला. कॉलेजच्या पोरांकडे नोट नाही, सोयाबीनच्या शेतकऱ्याचे पैसे बँकेत, आणि रोख देणारे एकमेव गिऱ्हाईक पाचशेची नोट घेऊन काडेपेटी मागत होते. संध्याकाळी कालनिर्णय पुन्हा आपल्या खिळ्यावर गेले आणि मला फोन आला.

"भिया, तू ये. आणि तो लॅपटॉप घेऊन ये."

मी गेल्या वर्षाचे बँकेचे स्टेटमेंट उघडले. एकूण जमा 43 लाख 18 हजार. आकडा ऐकून तात्या मामींकडे असे पाहू लागले, जणू दुसरे दुकान त्यांनी चोरून काढले असावे. मालाची विक्री करणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या वर उलाढाल गेली की जीएसटीची नोंदणी घ्यावी लागते, हे त्यांना ठाऊक होते. कारण मीच दरवर्षी सांगत होतो आणि तेच दरवर्षी "आपण कुठले" म्हणत होते.

"ही सगळी विक्री नाही," तात्या म्हणाले. "मी सांगतो, तू लिही. एकीकडे विक्री, एकीकडे बिनविक्री."

जवळच्या गौतमपुऱ्याला दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तुर्रा आणि कलंगी हे दोन गट एकमेकांवर पेटते हिंगोट फेकतात. आमच्या बैठकीत तोच प्रकार झाला, फक्त हिंगोटांच्या जागी बारा-बारा आकडी संदर्भ क्रमांक. स्टेटमेंटमध्ये प्रत्येक ओळीत तो क्रमांक, पुढे नावाची चार-पाच अक्षरे, आणि पाठवणाऱ्याने लिहिले असेल तर कारण. कारणे वाचावीत अशी होती. "पिछला", "दूध+सॉरी", "मम्मी ने बोला", एका ठिकाणी नुसताच लाल बदाम. बदाम 180 रुपयांचा होता.

"हा सुका मेवा," तात्या ठामपणे म्हणाले. मामी काही बोलल्या नाहीत.

मग बिनविक्रीची यादी सुरू झाली. मामींची भिशी, बारा जणी, महिना पाच हजार, म्हणजे 7 लाख 20 हजार. गणपतीची वर्गणी 86 हजार; कारण मंडळाचे खजिनदार तात्या आणि मंडळाचा क्यूआर म्हणजे तात्यांचाच, वर गणपतीचे चित्र चिकटवलेला. मेहुण्याच्या सोयाबीनचे साडेतीन लाख, त्याचे खाते तेव्हा केवायसीत अडकले होते म्हणून. पुण्याहून मुलगा पाठवतो ते 1 लाख 80 हजार. आणि सगळ्यात मोठी मौज पुढेच होती. देपालपुरात कोणाला रोख लागली की तो एटीएमला जात नाही, तात्यांकडे येतो. "पाच हजार कॅश द्या, ऑनलाइन टाकतो." डबा ओरडतो, तात्या गल्ल्यातून नोटा मोजून देतात. असे वर्षात 6 लाख 40 हजार. त्यावर तात्या कमिशन घेत नाहीत. एटीएमला निदान सुरक्षारक्षक तरी असतो.

बेरीज 19 लाख 76 हजार. वजा जाता ऑनलाइन विक्री 23 लाख 42 हजार. तात्यांनी पंखा एकने वाढवला.

"मग? चाळीस कुठे आणि तेवीस कुठे!"

मी तो दिवस तिथेच सोडायला हवा होता. पण हिशेबनिसाची जात वाईट. मी विचारले, "तात्या, ते सहा लाख चाळीस हजार रोख तुम्ही दिलेत, ते गल्ल्यात आले कुठून?"

"विक्रीचे. आणखी कुठून?"

बोलून झाल्यावर त्यांना कळले. तुळशीबागेतल्या गर्दीत खिशातला हात दुसऱ्याचा आहे हे कळावे, तसे. डब्याने न ओरडलेली विक्रीही विक्रीच असते. ऑनलाइन तेवीस लाख अधिक निदान सहा लाख चाळीस हजार रोख. शिवाय दूधवाला, हम्माल, पोऱ्याचा पगार, मंडईतून आणलेला लसूण, हे सगळे गल्ल्यातूनच गेलेले. सुटे पीठ, दूध यांवर कर नसला तरी ते उलाढालीत मोजतातच. मी पेन खाली ठेवले तेव्हा आकडा 38 लाखांवर घुटमळत होता आणि तात्या पंख्याकडे बघत होते.

आयकराची गोष्ट त्या मानाने तात्यांना आवडते. 1961च्या कायद्यातल्या कलम 44एडीखाली छोट्या दुकानदाराने वह्यांचा पसारा न मांडता विक्रीवर ठरावीक टक्के नफा दाखवावा, असे चालते. रोख विक्रीवर 8 टक्के, बँकेतून आलेल्यावर 6. नोटबंदीनंतर ही सूट आली. तात्यांना यात सरकारचा मायाळूपणा दिसतो. "माझ्या दुकानात सहा टक्के नफा आहे, हे मला सापडत नाही, त्यांना दिल्लीत बसून सापडतो." पण विक्री किती, हे तर सांगावेच लागते. आणि ते सांगायला डोके पुरत नाही.

तेव्हापासून तात्या बदलले. इतके, की जुने तात्या परवडले. चालू खाते निघाले, जीएसटीची नोंदणीही घेतली. कंपोझिशन योजनेत एक टक्का भरतात आणि तीन महिन्यांनी येणारी अठरा तारीख एकादशीसारखी पाळतात. मुख्य म्हणजे लाल वही आली. घरी दिवाळी ते दिवाळी वर्ष धरायची सवय, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर श्री, आणि मधल्याच एका पानावर 1 एप्रिलसाठी पुन्हा श्री. डबा ओरडला की तात्या तराजू सोडून वहीकडे वळतात. वेळ, रक्कम, माल, आणि क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. रांगेतल्या पोराला ते विचारतात, "ही विक्री की उसनवार?" पोरगा म्हणतो, "काका, बिस्कीट आहे." रोख मागायला येणाऱ्याला आता वेगळा क्यूआर दाखवतात, घरच्या खात्याचा, आणि वहीत सही घेतात. बदामवाल्याला बोलावून खुलासा घेतला. तो खरेच बदाम नेत होता.

लक्ष्मीपूजनाला वहीशेजारी डबाही पाटावर बसला. मामींनी क्यूआरच्या पाटीला भरगच्च कुंकू लावले आणि तात्यांचा जीव खालीवर झाला. पण जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने 1994 साली ही चौकट मोटारीच्या सुट्या भागांसाठी बनवली ती कारखान्याच्या तेला-मळात वाचता यावी अशीच. थोडा भाग झाकला तरी उरलेल्यातून मजकूर निघतो. पहिल्या गिऱ्हाइकाने स्कॅन केले, डबा ओरडला. तात्यांनी हात जोडले, कोणाला ते कळले नाही.

मी निघालो तेव्हा तात्यांच्या नातीच्या हातावर काही ठेवावे म्हणून खिसा चाचपला. नोट नव्हती. सवयीने समोरची पाटी स्कॅन केली.

"पाँच सौ रुपये प्राप्त हुए."

दुकान थांबले. तात्यांनी चष्मा सरकवून वही उघडली, पेन टेकवले आणि माझ्याकडे पाहिले.

"काय लिहू?"

"खाऊ," मी म्हणालो. "छोटीसाठी."

"हे दुकानाचे खाते आहे." तात्यांनी मोबाइल काढला, आणि माझ्या खिशात फोन थरथरला. पाचशे परत. कारण म्हणून त्यांनी टाइप केले होते, "चूकभूल द्यावी घ्यावी".

आता माझ्या स्टेटमेंटमध्ये एका किराणा दुकानाच्या चालू खात्यातून पाचशे रुपये जमा दिसतात. मार्चमध्ये आमचे साहेब विचारतील, हे कशाचे.