कुकरची रिंग कुणी नेली?

"वैनी, जुनी कुकरची रिंग पडलीय का हो तुमच्याकडं?"

"आहे की. तुमची फाटली का?"

"फाटती कशाची! आमच्या ह्यांनी पळवली. नवरात्र आलं म्हणून माळ्यावरनं मामंजींचा रेकॉर्ड प्लेअर काढलाय. गोंधळाच्या रेकॉर्डी ऐकायच्यात. त्याच्या बुडाला रबर पायजे म्हणं."

"बुडाला कशाला?"

"आवाज वाढवला की घूंऽऽ करायचा. कपाटातली भांडी वाजायची. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपापासनं भांडं वाजलं की मी आधी दार गाठते!"

"बाई गं! पण घूं कशानं?"

"सुई केसाहून बारीक खाचेत थरथरते, त्याचं गाणं होतं. पण थरथर खाचेतली का कपाटाची, तिला काय कळतंय? स्पीकरबी त्याच लोखंडी कपाटावर. स्पीकर कपाटाला हलवतो, कपाट सुईला, सुई परत स्पीकरला."

"म्हणजे आमच्या जावाजावांचं भांडण! इकडचं तिकडं, अन् दुप्पट होऊन माघारी."

"तसंच. ह्यांनी आधी हवाई चपला कापल्या. प्लेअर हलका, चप्पल टणक. दबलीच नाही तर थरथर अडवणार कशी? मग भांड्याचा स्पंज. तो पार चेपून गेला. रिंगबी टणकच निघाली."

"वाया गेली म्हणा की माझीबी!"

"छे, तुमची कुकरलाच लागती मला. शेवटी पोराच्या सायकलची ट्यूब घेतली, अर्धीच हवा भरून. तिच्यावर उरलेली शहाबादी फरशी, फरशीवर प्लेअर. वजन जड, बूड मऊ. मग खालची थरथर वर चढत नाही. पाण्याची वाटी ठेवून पातळी बघितली. घूं बंद!"

"दुकानात मिळत नाहीत का असले पाय?"

"मिळतात की, हजारो रुपयांचे. आतला कारभार हाच, मऊ रबर नायतर स्प्रिंग."

"अन् कुणी धाडधाड चाललं, सुई उडली तर?"

"तिथं ट्यूब हरती, उलट जास्तच डुलती. त्याला भिंतीत ब्रॅकेट ठोकून फळी मारावी लागती."

"आमच्या ह्यांना सांगू नका बाई. टीव्ही, अँप्लिफायर, सगळ्यांखाली ट्यूबा घालतील!"

"घालू देऊ नका. अँप्लिफायरला सुई नसते, त्याच्याखाली काहीबी ठेवा, आवाज तोच. अन् आधी स्पीकर तेवढा प्लेअरच्या कपाटावरनं खाली उतरवायला सांगा. निम्मं दुखणं तिथंच फुकटात जातं."