हिवाळी बंदोबस्त

कात्रजच्या आमच्या सोसायटीत पार्किंगला एक पांढरी ट्रॅव्हलर उभी असते. आत पलंग, ओटा, सिंक, गीझर आणि शंभर लिटरची टाकी. मालक निवृत्त मेंटेनन्स इंजिनिअर. जन्मभर कंपनीतली मशिनं बंद पडू नयेत म्हणून झटले. आता स्वतःच्या गाडीत बंद पडण्याजोगं एवढं बसवून घेतलंय, की पेन्शनीतला एक दिवस मोकळा जात नाही.

काकांना भर हिवाळ्यात स्पितीला जायचंय. त्यामुळे दिवाळीनंतर लोक आकाशकंदील उतरवतात, काका गाडीतलं पाणी उतरवतात. पुण्याचा नीचांक १.७ अंश, तोही १९३५ च्या जानेवारीतला, हे त्यांना पाठ आहे. पण पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं, हे त्याहून पाठ आहे. "पाणी फुगतं, पाइप फुगत नाही. मग काय होतं?" आपण गप्प. "फुटतो!" इतक्या आनंदाने दुसरं कुणी नुकसानीची बातमी देत नसेल.

पुढची चाकं विटांवर चढतात, गाडी मागे कलते. कुणी हसलंच, तर नानासाहेब पेशवे मदतीला येतात. "याच कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं त्यांनी. पंप होता का? उतार द्या, पाणी जातं." मग टाकीचा खालचा कॉक उघडतो. गीझर गार झाल्यावर रिकामा होतो. गरम-गार दोन्ही नळ सोडले जातात. शॉवरची नळी झटकावी लागते, कारण वाकणात घोटभर पाणी दडून बसतं आणि घात करतं ते तेच.

एवढ्यावर भागत नाही. चौकातल्या पंक्चरवाल्याचा कंप्रेसर येतो. "तीस पौंडाच्या वर जाऊ नकोस, जॉइंट सुटतील." काका एकेक नळ उघडतात, नळ फुरफुरतो, त्यांच्या चष्म्यावर शिंतोडे उडवतो आणि शेवटी नुसती हवा सोडतो. पंक्चरवाला विचारतो, "काका, निघताय कधी?" काका म्हणतात, "आधी लाइन कोरडी होऊ दे."

शेवटी सिंकच्या ट्रॅपमध्ये गुलाबी प्रॉपिलीन ग्लायकॉल. एका गॅरेजवाल्याने रेडिएटरचं कूलंट ओतायचा सल्ला दिला, तेव्हा काका कडाडले, "त्यात एथिलीन ग्लायकॉल असतं! विष! प्यायच्या पाण्याच्या लाइनीजवळ?" त्या गॅरेजची पायरी ते पुन्हा चढले नाहीत.

परवा सोसायटीचा टँकर आला नाही. बायका कळशा घेऊन गाडीपाशी जमल्या. काका अभिमानाने म्हणाले, "थेंबसुद्धा मिळायचा नाही!" काकू गॅलरीतून ओरडल्या, "घरात आंघोळीला पाणी नाही, आणि यांनी शंभर लिटर कालच गटारात सोडलं!"

खरं तर स्पितीतल्या, ३,५०० मीटरहून उंच असलेल्या काझात लोक हिवाळ्यात नळांवर विसंबतच नाहीत. पाणी बादल्यांनी वाहून आणतात. काकांना हेही ठाऊक आहे. म्हणून त्यांनी यंदा झाकणाच्या बादल्याही घेतल्या. त्या सध्या टँकरच्या रांगेत काकूंच्या हातात दिसतात.

तेव्हा तुम्ही थंडीत हिमालयात गाडी नेणार असाल, तर काकांना जरूर भेटा. त्यांचा शब्द न् शब्द बरोबर असतो. फक्त "तुम्ही कधी गेला होतात?" एवढं तेवढं विचारू नका.