वीस सेकंदांची काच

दुकानदाराने रेनकोटाला लटकलेली चिठ्ठी माझ्या नाकापुढे धरली. तीवर छापलं होतं : १०,००० मिलिमीटर. "साहेब, तुमच्या कॅसलरॉकलासुद्धा वर्षात एवढा पडत नाही!" हिशेब बिनतोड होता. कॅसलरॉकला वर्षाकाठी पाच हजारांच्या वर पडतो, म्हणजे एक पावसाळा तरी आरामात निघायला हवा. मी पैसे मोजले. रामनगरहून निघालो आणि अनमोड यायच्या आत बनियन पिळायच्या लायकीचं झालं.

मागाहून कळलं की ते दहा हजार म्हणजे पाऊस नव्हेच. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ चढवत जातात. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सोसूनही कापड पाझरलं नाही की चिठ्ठीवर दहा हजार. आणि कापड खरंच पाझरत नाही, खोटं कशाला बोलू? पाझरते शिवण, पाझरते चेन, पाझरतो गळा. त्यांच्या नावाची चिठ्ठी कुणी छापत नाही. त्यातून शिंप्याने चार शिवणींचा संगम नेमका तिथे घडवून आणलेला असतो, जिथे सीटवरच्या तळ्यात आपण सगळं वजन टाकून बसतो. वरून गळ्यातून उतरलेलं पाणी शेवटी बुटात जमतं. बूट जलरोधक असल्यामुळे ते बाहेर जात नाही. आमच्या तालुक्याचं जुनं ठाणं सुपा काळी नदीवरच्या १०१ मीटर उंच धरणात बुडालं, म्हणून ते जोयड्याला आलं. जिथे तालुक्याचं गावच पाण्याखाली गेलं, तिथे पायमोज्यांची काय कथा!

पाऊस वरून पडतो ही मूळ समजूतच पायी चालणाऱ्यांची. मोठा थेंब सेकंदाला साधारण ९ मीटर वेगाने खाली येतो, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर. गाडीही ३२ने हाकली की तो पंचेचाळीस अंशांत येतो. चाळीसला नेली की वरून कमी आणि समोरून जास्त. म्हणून तो हनुवटीखालून हेल्मेटात शिरतो, बाह्यांतून कोपरापर्यंत चढतो. मागे बसलेल्या वहिनी पुढच्याच्या डोक्यावर छत्री धरतात, पहिल्याच वळणावर छत्रीचं कमळ होतं (राजकीय अर्थ काढू नये) आणि गाडीला न मागता ब्रेक लागतो.

आता हेल्मेटाची काच. बाहेरून पावसाने गार, आतून आपल्याच श्वासाने दमट, ती धुरकटणारच. युरोपच्या नियमात यावर परीक्षा आहे : काचेवर वाफ सोडायची, २० सेकंद ती पुरेशी स्वच्छ राहिली की ती धुकेरोधक. वीस सेकंद! अनमोड घाटातलं एक धड वळण तेवढ्यात संपत नाही, आणि समोरून येणारा ट्रक काही एकविसाव्या सेकंदाला थांबत नाही. काचेला आतून दुसरी पातळ काच बसवली, मधे हवा कोंडली, तर मात्र आतली गार पडत नाही आणि धुकं धरत नाही. ती युक्ती चालते, मी पाहिलंय. फक्त कडेच्या पट्टीतून पाणी शिरलं की त्या दोन काचांमध्ये स्वतंत्र पावसाळा सुरू होतो. शिवाय तिला अडकवायच्या खुंट्या आपल्या स्वस्त हेल्मेटांना बहुधा नसतातच. १ जून २०२१पासून आयएसआय शिक्क्याशिवाय हेल्मेट विकता येत नाही. पण त्या शिक्क्याचा बराचसा जीव डोकं आपटल्यानंतर काय होतं यात गुंतलेला. समोरचं न दिसल्यामुळे ते आपटलं का, हे ज्याचं त्याने बघायचं.

युरोपात आणखी एक करतात. हेल्मेटावर मिनिटाला एक लिटर पाणी चार ते सहा तास फवारतात आणि मगच ते आपटून बघतात. म्हणजे चांगलं हेल्मेट भिजल्याने बिघडत नाही. ही बातमी आमच्याकडे पोचलेलीच नाही. जोरात सर आली की लोक आधी हेल्मेट उतरवतात, प्लास्टिकच्या पिशवीत घालतात, गाठ मारून आरशाला अडकवतात आणि डोकं उघडं ठेवून पुढे जातात. पिशवी नसलीच आणि ते भिजलं, तर घरी नेऊन चुलीवर टांगतात. जून ते सप्टेंबर इथे दुसऱ्या कशाने काही वाळतही नाही. पण आतला थर्माकोल जास्त उष्णतेने आक्रसतो, आणि डोकं खरं वाचवतो तो तोच. दसऱ्याला हेल्मेट खडखडीत कोरडं असतं, नुसतं कवच.

या सगळ्यात कोरडं कोण राहतं? पुणे-बंगळूरहून ‘पावसाळी राइड’ला आलेली, नखशिखांत जाकिटातली मंडळी तर चहाच्या टपरीत मोजे पिळताना दिसतात. शेजारच्या खाचरात इरल्याखाली वाकून लावणी करणारी बाई पाठीने कोरडी असते. इरलं समोरून उघडं, त्यामुळे श्वास कोंडत नाही, हात मोकळे, शिवण एकही नाही. ताशी तीन किलोमीटरच्या वर मात्र इरल्याची हमी नाही.

परतताना घाटाच्या तोंडाशी नाक्यावर पोलिसाने हात दाखवला. माझ्या हेल्मेटाकडे निरखून पाहत म्हणाला, "काच कुठंय?"

"पिशवीत," मी म्हटलं, "भिजेल म्हणून."