वरात, डीजे आणि कलम 52

सोनगीरचे तांबट पितळी हंडा एकदाच विकतात. पुढे त्यात पाणी भरा नाहीतर धान्य. ठोके घालणारा दर वेळी पैसे मागायला येत नाही. गाण्याचं तसं नाही.

1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाणं चारचौघांत वाजवायचं तर हक्कदाराची परवानगी लागते. पण कलम 52ने वरातीला आणि लग्नाच्या इतर सोहळ्यांना सूट दिली आहे. म्हणजे ‘हाई झुमकावाली पोर’ या अहिराणी गाण्यावर घोड्यापुढे कितीही धुरळा उडवा, कायदा बाजूला उभा राहून अक्षता टाकतो. तेच गाणं हायवेवरच्या हॉटेलवाल्याने गिऱ्हाइकांसाठी लावलं, की परवाना काढा! नवरदेवाइतका स्वस्त परवाना या देशात दुसरा नसावा.

24 जुलै 2023ला केंद्र सरकारने सूचना काढून हीच सूट पुन्हा बजावली. गोव्याने जानेवारी 2024मध्ये तसंच परिपत्रक काढलं. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. कलम मात्र जागच्या जागी आहे.

आणि अहिराणी गीतकार? 2012च्या दुरुस्तीने त्याचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला. वरातीत तो दिसलाच, तर वऱ्हाडी त्याला आग्रहाने नाचायला ओढतात. फुकट.