मालवणात शॉर्टफिल्म कशी करावी : मीडियाच्या विद्यार्थ्यांसाठी सुलभ मार्गदर्शन

शेवटच्या वर्षाला शॉर्टफिल्मचा प्रोजेक्ट लागला की अर्ध्या वर्गाला एकदम कोकण आठवतं. कुणाची ना कुणाची आजी मालवणात निघतेच, त्यामुळे राहण्या-जेवणाचं बजेट शून्य धरता येतं. अशा होतकरू दिग्दर्शकांसाठी पुढील सूचना.

१. विषय. तो गावात पोचण्याआधीच ठरवून टाकावा, म्हणजे मग गावाचा अडथळा होत नाही. कोकणकन्येत बसल्यावर चिपळूणपर्यंत कथा, कणकवलीपर्यंत शेवट आणि कुडाळला उतरेपर्यंत पोस्टर तयार हवं. जुनं घर असेल तर भूत घालावंच. २०१६ साली आकेरीच्या वाड्यात 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाल्यापासून सिंधुदुर्गातल्या कौलारू घराकडून परीक्षकांची तेवढी अपेक्षा असतेच. विषय मोठा घ्यावा. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याचं रोप कसं वाढतं एवढंच चित्रित केलं आणि त्यावर भांडवल उभं केलं. नागराज मंजुळ्यांनी शिकत असताना केलेली 'पिस्तुल्या' ही शाळेची ओढ असलेल्या एका गरीब पोराची साधी गोष्ट, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुम्ही असल्या किरकोळ विषयांत अडकू नका. स्थलांतर, पर्यावरण, पुरुषसत्ता आणि अस्तित्ववाद हे चारही बारा मिनिटांत बसवा.

२. संशोधन. हे अर्ध्या तासात उरकतं. दांडीच्या किनाऱ्यावर जावं, पहिल्या दिसेल त्या माणसापुढे माईक धरावा आणि 'मच्छीमार म्हणून तुमच्या व्यथा काय?' असं विचारावं. तो पर्ससीनबद्दल बोलू लागला तर ही कोणी बाई आहे असं समजून तिची मुलाखत मागू नये. पर्ससीन हे यांत्रिक नौकेवरचं मोठं जाळं आहे, ते माशांचा थवाच्या थवा घेरतं. राज्य सरकारने त्यावर २०१६ साली निर्बंध घातले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी आणली, आणि किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकरांचं त्यांच्याशी भांडण अजून मिटलेलं नाही. एवढं वाचून गेलात तर मात्र मुलाखत लांबण्याचा धोका आहे.

रापण चालू असेल तर आणखी पंचाईत. जाळ्याच्या दोन टोकांचे दोर धरून दोन रांगा किनाऱ्यावरून मागे मागे सरकत असतात. टाचा वाळूत रुतलेल्या, ओला दोर कमरेला घासतोय. तुम्ही बाइट मागता आणि उत्तर येतं, "झिला, आदी दोरीक हात लाव, मगे काय ता इचार." हात लावलात तर तळव्याची सालं निघतील, कॅमेरा पिशवीतच राहील आणि जाळं वर आल्यावर मूठभर पेडव्यांचा वाटा तुमच्याही पुढ्यात पडेल. त्यानंतर माणसं आपणहून बोलू लागतात. ठरलेली पटकथा बिघडते ती इथेच.

३. लोकेशन. सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ साली कुरटे बेटावर महाराजांनी त्याचं काम सुरू केलं, तेव्हा तुमच्या ट्रायपॉडचा विचार झालेला नव्हता. हल्ली तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात असल्याने अर्ज आधी करावा लागतो. परवानगी हाती पडते तेव्हा बहुधा पावसाळा लागलेला असतो आणि किल्ल्याच्या होड्या बंद असतात. ओसाड गाव हवं असेल तर आचऱ्याची गावपळण गाठावी, असंही कुणी सुचवेल. दर काही वर्षांनी देवाच्या कौलाने अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. रिकाम्या गावात घुसणं म्हणजे रीत मोडणं, आणि तिथे चहा विचारायलाही कुणी नसतं. राहुट्या, चुली, भजनं, गजाली सगळं वेशीबाहेर. म्हणजे फिल्मही तिकडेच.

४. वेळापत्रक. हे पुण्यातच एक्सेलमध्ये करावं आणि समुद्राला मेल करावं. सकाळी नायक कोरड्या खडकावर बसून वडिलांना आठवतो. मंडळी जेवून परततात तेव्हा खडक गायब, आणि उरलेला अर्धा संवाद नायकाला पोहत म्हणावा लागतो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जाऊनही भागत नाही, कारण भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीचा आकडा पाऊणपट करा, भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास पाण्याचा चढउतार कमी. तेव्हा भाड्याच्या लेन्सआधी भिंतीवरचं 'कालनिर्णय' उतरवून घ्या. ते काढणारे जयंत साळगावकर मालवणचेच.

५. कलाकार. दशावतारातल्या नटाला बोलवावं आणि त्याच्या हाती अठरा पानांची बांधीव संहिता द्यावी. दशावतारात लिखित संहिता नसते. कथानक ठरतं आणि संवाद रंगमंचावरच सुचतात. रात्रभर राजा आणि राक्षस उभे करणाऱ्या त्या माणसाला 'जरा नॅचरल करा' असं सांगण्याची जबाबदारी सर्वांत ज्युनियर सहायकावर टाकावी.

या सूचना तंतोतंत पाळल्यात तर प्रोजेक्ट वेळेत जमा होईल आणि गुणही पडतील. फिल्म व्हावी असं मनात असेल तर मात्र यातला तिथीचा हिशेब आणि रापणीचा दोर एवढंच ठेवा, बाकीचं विसरा. आणि एक विनंती : फिल्म झाली की महोत्सवांना पाठवण्याआधी एका संध्याकाळी ती किनाऱ्यावर नेऊन दाखवा. जिथे चुकलं असेल तिथे रापणकर तोंडावर सांगतील, आणि तुमच्या परीक्षकांपेक्षा नेमकं सांगतील.